गोठ्यातल्या पेट्या

कंपनीतून मी ठरल्या वेळेच्या पाच वर्षं आधी बाहेर पडलो. लोट्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका केमिकल कारखान्यात मी इन्स्ट्रुमेंट विभागात होतो. दाब, तापमान, टाकीतली पातळी दाखवणारी यंत्रं नीट चालतात की नाही ते बघायचं आणि बिघडली की उघडून दुरुस्त करायची, हे माझं काम. तीन पाळ्यांत मिळून अठ्ठावीस वर्षं गेली. कंपनीने लवकर निवृत्तीची योजना आणली तेव्हा पहिल्याच दिवशी अर्ज देणाऱ्यांत मी होतो. सोबतच्यांनी विचारलं, "आता पुढे काय?" मी म्हटलं, "पेट्या दुरुस्त करणार." त्यांना वाटलं मी थट्टा करतोय.

पेटी म्हणजे भजनातली, बाजाची पेटी. हा नाद मला कॉलनीत लागला. दर गुरुवारी आमच्या इमारतीखाली भजन व्हायचं. एकदा ऐन आरतीत पेटीची एक पट्टी खाली गेली ती वर येईना, आणि तो एकच सूर शेवटपर्यंत रडत राहिला. "तू इन्स्ट्रुमेंटवाला ना? बघ," म्हणून लोकांनी ती माझ्यापुढे आणून ठेवली. मी वरची फळी काढली. आत ओळीने बसवलेल्या पितळी जिभा, त्यांनाच सूर म्हणतात, भोकांवर चामडं लावलेली झाकणं, मागे भाता. हवा, दाब आणि झडप. माझंच रोजचं काम होतं ते, फक्त इथे शेवटी गाणं निघत होतं. मग सुटीच्या दिवशी मी चिपळूणला एका म्हाताऱ्या कारागिराकडे जाऊन बसायला लागलो. पहिली तीन वर्षं त्यांनी मला फक्त भाते चिकटवायला दिले. चौथ्या वर्षी कानस हातात दिली आणि म्हणाले, "हं, आता एक सूर बिघडवून दाखव. मग लावायला शिकवतो."

आमचं घर रत्नागिरीजवळ, पावसच्या अलीकडे. रस्त्यावरून दगडी पायऱ्यांची पाखाडी उतरून खाली गेलं की चिऱ्याचं कौलारू घर, पुढे अंगणाचं खळं, मागे लगेच डोंगर. तिथे माझी वहिनी एकटी राहायची. थोरला भाऊ मुंबईला गोदीत होता. निवृत्त होऊन घरी आला आणि दोन वर्षांत गेला. मुली लग्न होऊन मुंबईलाच आहेत. भाऊ मुंबईत असताना आणि तो गेल्यावरही घर, कलमं, म्हशी सगळं वहिनींनीच बघितलं. शिकायला लहानपणीच बाहेर पडलेला मी सणाला येणार, दोन दिवस राहणार, डबाभर तूप घेऊन परत जाणार. माझी बायको चिपळूणला शाळेत शिकवते, तिची नोकरी अजून चार वर्षं आहे. म्हणून ठरलं की मी गावी राहायचं आणि तिने शनिवारी यायचं.

दुरुस्तीला जागा हवी होती, ती म्हणजे गोठा. घराच्या मागच्या अंगाला, डोंगराच्या बाजूने. तीन बाजूंना चिऱ्याच्या भिंती, चौथी बाजू कमरेइतकी, वर मोकळी. शेवटची म्हैस विकून तीन वर्षं झाली होती. आत जळणाची लाकडं, नारळाची सोडणं आणि एक मोडकी शिडी. मी लोट्याला असतानाच आलेखाच्या कागदावर नकाशा काढला होता. टेबल कुठे, खिडक्या कुठे, मांडणी कुठे, सगळं मापासकट. दिवाळीत आलो तेव्हा तो वहिनींसमोर ठेवला. त्यांनी पदराला हात पुसून कागद हातात घेतला, उलटा-सुलटा केला.

"चांगला काढलाय," म्हणाल्या.

"मग करू ना?"

"घर तुमचंच आहे, भावोजी."

मी तो होकार समजलो.

गवंडी शेजारच्या वाडीतले. साठीचे, अंगाने किरकोळ. आमच्या ओटीचं काम त्यांच्या वडिलांनी केलेलं, तेव्हा हे चिरे वाहायला होते. पहिल्या दिवशी त्यांनी गोठ्याला आतून-बाहेरून फेरी मारली, वाशांवर पहारीने टकटक करून बघितलं आणि विचारलं, "वैनीस इचारलंत?"

"विचारलं."

"काय बोलल्या?"

"घर तुमचंच आहे म्हणाल्या."

त्यांनी तंबाखू मळली, दाढेखाली ठेवली. "मंग त्या काय बोलल्याच नाय," म्हणाले, आणि शिडीवर चढून कौलं काढायला लागले.

काम होळीपर्यंत चाललं. अर्धे वासे वाळवीने आतून पोकळ केले होते. बाहेरून धडधाकट दिसायचे आणि हाताने दाबले की पीठ सांडायचं. ते बदलून किंजळीचे नवे टाकले. कौलं खळ्यात उतरवून घासून घेतली. मला भिंतींचा लाल चिरा तसाच उघडा ठेवायचा होता, पण गवंड्यांनी भिंतीवरून तळहात फिरवून माझ्यापुढे धरला. तळहात लाल झाला होता. "ही धूळ तुमच्या बाजात जाईल," ते म्हणाले. मग आतून गिलावा केला. विजेचं काम मी स्वतः केलं. एका जुन्या कपाटात साठचा दिवा बसवला. तो सतत जळत ठेवला की आतलं चामडं आणि पितळ समुद्राच्या हवेतही कोरडं राहतं, ही चिपळूणच्या कारागिराची युक्ती.

जमिनीचं काम निघालं त्या दिवशीची गोष्ट. गव्हाण फोडून झाली होती. तिच्या कडेने एक उतरती पन्हळ होती आणि ती बाहेरच्या भिंतीतल्या चौकोनी मोरीला मिळत होती. वहिनी चहा घेऊन आल्या. पन्हळीकडे बघून म्हणाल्या, "ती मोरी बुजवू नका, भावोजी."

"आता म्हशी कुठे आहेत, वहिनी? धुवायचंय काय?"

"म्हशींसाठी नाही ती. पाण्यासाठी आहे."

"आता चारी बाजूंनी भिंत झाली. पाणी आत येणारच नाही."

त्यांनी कप गोळा केले आणि गेल्या. गवंडी थापी हातात धरून माझ्याकडे बघत होते. मला ती खोली बंद हवी होती. मोरीतून उंदीर येतो आणि पेटीतलं चामडं खातो. साप येतो तो वेगळाच. नकाशात मोरी नव्हती. मी म्हटलं, "बुजवा." त्यांनी बुजवली. वर कोबा, त्यावर लाद्या.

खोली तयार झाली तेव्हा वहिनींनी उंबऱ्याला हळद-कुंकू लावलं, आत समई ठेवली आणि बाहेर जाऊन उभ्या राहिल्या. मी त्यांच्यासाठी खुर्ची सरकवली. "असू दे, भात चुलीवर आहे," म्हणाल्या. पुढचे काही महिने त्या आत आल्या नाहीत. जेवायला बोलवायचं तर दारातून.

आषाढात कामं यायला लागली. गणपतीआधी प्रत्येक वाडीतल्या भजनी मंडळाला आपली पेटी आठवते. एक राजापूरकडून एसटीच्या मागच्या सीटवर बसून आली, एक गोणपाटात बांधून मोटरसायकलवरून. सहा पेट्या झाल्या. टेबल भरलं, मांडणी भरली, एक मी खाली लादीवर ठेवली.

सलग चौथा दिवस पाऊस लागला होता. सकाळी दार उघडलं तर लाद्यांच्या सांध्यांतून पाणी पाझरत होतं. पुसलं, पुन्हा आलं. दुपारी बारापर्यंत पावलं बुडतील इतकं झालं. भिंतीतून नाही, छपरातून नाही, सरळ जमिनीतून. खाली ठेवलेली पेटी उचलली तेव्हा तिचा तळ फुगून सुटला होता आणि भात्याची घडी हातात आली.

वहिनी स्वयंपाकघरात नारळ खवत होत्या. मी दारात उभा राहिलो. "वहिनी, पाणी आलंय."

त्यांनी खवणी बाजूला ठेवली, डोक्यावर प्लास्टिकचं खोळं घेतलं आणि मला घेऊन मागे गेल्या. डोंगराच्या पायथ्याला, गोठ्याच्या भिंतीपासून चार हातांवर, गवतात पाणी बुडबुडत होतं. "हा उपळ," त्या म्हणाल्या. "भर पावसात डोंगर भरला की फुटतो. दर वर्षी सात-आठ दिवस. गोठ्याखालूनच त्याची वाट आहे. मी म्हशी त्या बाजूला बांधायची, पाणी आपलं मोरीतून निघून जायचं."

"मला माहीत नव्हतं."

"तुम्हाला पावसाळ्यात रजा कुठे मिळायची?"

त्यांनी हे मला सांभाळून घेण्यासाठीच म्हटलं, आणि तेच जास्त लागलं. मी म्हणालो, "चूक झाली. मी तुमचं ऐकलं नाही."

"ऐकलंत की," त्या म्हणाल्या. "मानलं नाहीत."

परत येताना न्हाणीच्या मागे माझं लक्ष गेलं. गोठ्यातून काढलेलं त्यांचं जळण तिथे निळ्या कागदाखाली रचलेलं होतं आणि खालचे दोन थर भिजून काळे पडले होते. आंघोळीचं पाणी अजून चुलीवरच तापतं. गेले पंधरा दिवस न्हाणीत धूर कोंडायचा आणि मी रोज डोळे चोळत बाहेर येऊन म्हणायचो, यंदा हवाच जड आहे.

गवंडी दुसऱ्या दिवशी भर पावसात आले. मला काही न बोलता त्यांनी आधी वहिनींना हाक मारली. वहिनी प्रथमच खोलीच्या मधोमध येऊन उभ्या राहिल्या आणि पायाच्या अंगठ्याने लादीवर रेघ दाखवत गेल्या: इथून, मग असं, मग इथे. त्या रेघेवरच्या लाद्या फोडल्या. पन्हळ मोकळी केली, तिच्यावर उचलता येतील अशा फरश्या टाकल्या, मोरीला लोखंडी जाळी बसवली. संध्याकाळपर्यंत खोलीतलं पाणी उतरलं. खालून वाहण्याचा आवाज येत राहिला.

गवंडी निघाले तेव्हा मी त्यांना म्हटलं, जळणासाठी पत्र्याची एक पडवी काढू. मग वळून वहिनींना विचारलं, "कुठे हवी?"

"न्हाणीला लागून," त्या लगेच म्हणाल्या. "आणि उंच काढा. मला वाकायला लागता नये. आणि पत्रा पुढे हातभर घ्या, पश्चिमेचा पाऊस आत मारतो." उत्तर केव्हाचं तयार होतं. विचारणारा कोणी नव्हता.

भिजलेल्या पेटीच्या मंडळाकडे मी स्वतः गेलो. काय झालं ते सांगितलं. ते म्हणाले, "गणपतीला वाजली म्हणजे झालं." मी नवा तळ बसवला, भाता नवा केला, सगळे सूर काढून पुसले, परत बसवले. मोबाइलवर सूर मोजण्याचं एक अ‍ॅप आहे, त्यात प्रत्येक पट्टी तपासली. काटा मधोमध, हिरवा. आयुष्यभर काट्यावर विश्वास ठेवून काम केलेला माणूस मी. पेटी पोचवली.

तीन दिवसांनी मंडळातले दोघे ती परत घेऊन आले. "वरच्या सप्तकात चरचर येते," म्हणाले.

मी त्यांच्यासमोर वाजवून बघितलं. काही नाही. अ‍ॅप लावून दाखवलं. सगळं हिरवं. "मला तर काही ऐकू येत नाही," मी म्हटलं. दोघांनी एकमेकांकडे बघितलं. त्यांतला मोठा नरमाईने म्हणाला, "आमच्या बुवांना येतंय. ठेवून घ्या, सवडीनं बघा."

ते गेल्यावर मी एकेक पट्टी दाबत बसलो. वरून खाली, खालून वर. मला वाटत होतं बुवा उगाच खोट काढतायत, पेटी भिजवली त्याचा राग आहे. तेवढ्यात दारातून वहिनी म्हणाल्या, "भावोजी, पान वाढलंय." आणि मग, "तो परत वाजवा बघू."

"कुठला?"

"आत्ता वाजवलात तो. हां. त्याच्यात काहीतरी अडकलंय. बाटलीत माशी अडकल्यासारखं."

मी पट्टी दाबून धरली. मला ऐकू आला तो स्वच्छ, सरळ सूर. शेजारची दाबली. "हा चांगला आहे," त्या म्हणाल्या. पुन्हा पहिली. "ही बघा माशी."

सूर काढून भिंगाखाली धरला. पितळी जिभेच्या कडेला वाळलेल्या सरसाचा कण होता, केसाएवढा. जीभ हलली की त्याला लागत होती. सूर बरोबरच होता, म्हणून काटा हलला नव्हता. कण काढला, सूर बसवला, वाजवला.

"गेली," वहिनी म्हणाल्या.

मी त्यांच्याकडे पाठ करून पट्ट्या उलटसुलट वाजवल्या, मधेच एक सूर मुद्दाम तिरका बसवून बघितला. त्यांनी दर वेळी बरोबर तोच सांगितला. पानावरचा भात गार होत होता. मी स्टुलावर बसलो आणि जे बायकोलाही सांगितलं नव्हतं ते त्यांना सांगितलं. कंपनीच्या वार्षिक तपासणीत शेवटच्या दोन वर्षी डॉक्टर म्हणाले होते की वरचे, बारीक आवाज मला कमी येतात. कॉम्प्रेसरच्या खोलीत बरीच वर्षं गेली होती, आणि कानाला बोळे लावायचा कंटाळा. मी तो कागद फाइलमध्ये ठेवून दिला होता. बोलणं तर सगळं ऐकू येतंय, मग काय बिघडलं, असं मनाला सांगत होतो. आणि त्याच कानांच्या भरवशावर पेट्यांचं दुकान मांडलं होतं.

वहिनींनी हळहळ वगैरे काही केली नाही. थोडा विचार करून म्हणाल्या, "परवा तुम्ही म्हणालात, यंदा रातकिडे दिसत नाहीत. मी गप्प बसले. म्हटलं, तुम्ही कारखान्यातले, तुम्हाला काही वेगळं माहीत असेल."

"आहेत?"

"कान किटतात."

मी हसलो. एवढा मोठा आवाज रोज घराभोवती चालू होता आणि माझ्या बाजूने तो बंद पडला होता.

"वहिनी, तुम्ही रोज थोडा वेळ बसाल का इथे?"

"मला सुरातलं काय कळतं?"

"मग माशी कशी कळली?"

"ते वेगळं. धार काढताना कळशीतला आवाज बदलला की कळायचं, म्हशीच्या सडाला काहीतरी झालंय. दिसायचं नाही काही. दोन दिवसांनी सूज यायची." मग म्हणाल्या, "तीन ते साडेचार. त्याच्या पुढे नाही. आणि ती खुर्ची नको मला, तिच्यात माणूस आडवाच होतो. माझा पाट आणते."

असं सुरू झालं. सुरुवातीला त्या दाराकडे तोंड करून बसायच्या, हातात शेंगा नाहीतर चिंच सोलायला. मी वाजवायचो, त्या मान न वळवता सांगायच्या. त्यांचे शब्द त्यांचेच. "हा नाकात बोलतो." "ह्याला दम लागलाय." "ह्या दोघांचं पटत नाही," म्हणजे एकाच पट्टीवरचे दोन सूर किंचित वेगळे. मी ते शब्द चिठ्ठीवर लिहून पेटीला चिकटवायला लागलो, कारण माझ्या शब्दांपेक्षा त्यांवरून बिघाड लवकर सापडायचा. कधी कधी आमचं वाजायचंही. मला काटा हिरवा दिसत असायचा आणि त्या म्हणायच्या, नाही. एकदा मी वैतागून म्हटलं, "वहिनी, हे यंत्र आहे, खोटं बोलत नाही." त्या पाट उचलून घरात गेल्या आणि दोन दिवस तीन वाजता आल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी मी तो सूर बदलून टाकला, मग जाऊन सांगितलं.

बायकोला सांगायचं मी पुढे ढकलत होतो. शेवटी एका शनिवारी जेवताना सांगून टाकलं. ती म्हणाली, "आपल्याकडे टीव्हीचा आवाज एवढा मोठा का असतो, ते मला माहीत नव्हतं असं वाटलं तुला?" सोमवारी तिने रजा टाकली आणि मला रत्नागिरीला कानाच्या डॉक्टरांकडे नेलं. आता कानाला यंत्र आहे. बोलणं जास्त स्पष्ट येतं, रातकिडेही येतात, पण पत्र्यावर वाळू सांडल्यासारखे. सूर लावताना मात्र ते काढून ठेवावं लागतं, कारण त्याची स्वतःचीच एक खरखर मधे येते. म्हणून वहिनींचे तीन ते साडेचार चालूच राहिले.

गणपतीच्या आधी अकरा पेट्या गेल्या. ज्यांची पेटी भिजली होती ते बुवा स्वतः आले, पट्ट्यांवरून एकदा हात फिरवला आणि विचारलं, "सूर कोण लावतं?"

मी वहिनींकडे बोट दाखवलं. त्या लाजतील असं मला वाटलं होतं. त्या म्हणाल्या, "लावतात हे. मी फक्त चुका सांगते. आणि तुमच्या माणसांना सांगा, वाजवून झालं की भाता उघडा टाकू नका. उंदराला घर होतं."

बुवांनी मान डोलावली. सांगतो म्हणाले.

सध्या त्या मुंबईला गेल्या आहेत. धाकट्या मुलीचं पित्ताशयाचं ऑपरेशन झालं, तिला बरं वाटेपर्यंत थांबतील. पहिल्या आठवड्यात मी दोन सूर रेकॉर्ड करून त्यांना व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवले. तासाभराने फोन आला. "ह्याच्यात काही कळत नाही, भावोजी. सगळेच पत्र्याच्या डब्यातून बोलतायत. ठेवून द्या, आल्यावर बघू." मग मुलीने काय खाल्लं, टाके कधी निघणार, आणि मी रोज बाहेरचं तर खात नाही ना, हे झालं. ठेवता ठेवता म्हणाल्या, मुलीच्या इमारतीत लिफ्ट वर जाताना कसलासा आवाज करते, तिथल्या माणसाला सांगितलं तर तो हसला.

मांडणीवर चार पेट्या आहेत. तळ, भाते, चामडं सगळं करून झालंय, फक्त सूर राहिलेत. काल राजापूरहून एकाचा फोन आला, त्यांना लग्नासाठी लवकर हवी होती. काटा लावून मी ती देऊ शकलो असतो. मी म्हटलं, "आमच्या वहिनी गुरुवारी येतायत. तुम्ही शनिवारी या."

"शुक्रवारी नाही जमणार?"

"प्रवासातून येणार त्या," मी म्हटलं. "एक दिवस विश्रांती नको का?"